क्रिएटिनीनचे सर

लातुरात दगड भिरकावला तर तो कुठल्या ना कुठल्या सरांना लागतो. कुणी फिजिक्सचे, कुणी बायोलॉजीचे. आमच्या गल्लीतले सर गणिताचे होते. निवृत्तीनंतर ते क्रिएटिनीनचे झाले. विद्यार्थी एकच. नाव बंटी, जात पॉमेरियन, वय अकरा आणि किडनी, सरांच्याच शब्दांत, ‘काठावर पास’.

असा एक गृहस्थ हल्ली प्रत्येक कॉलनीत निघतो. स्वतःचा बीपी मोजायला त्याला सवड नसते, पण कुत्र्याच्या लघवीचा रंग, वेळ आणि खांब तोंडपाठ असतो. रस्त्यात भेटला तर तुमच्या लेकराबाळांची चौकशी करण्याआधी तो ‘आज चार वेळा झाली’ असं सांगून मोकळा होतो. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे गाव. त्या उन्हाळ्यात काकूंना आंघोळीचं पाणीही मापून देणारे सर आता बंटीपुढं भरलेलं पातेलं ठेवून, ‘पी बाळा, पी’ म्हणून आर्जवं करतात. काकूंना हे दिसत नाही असं नाही.

इयान बिलिंगहर्स्ट नावाच्या ऑस्ट्रेलियन पशुवैद्यानं १९९३ मध्ये पुस्तक लिहून कुत्र्यांना कच्चं मांस आणि हाडं घालायचा पंथ काढला. कुत्रा हा मूळचा लांडगा, त्याला शिजवलेलं कशाला, असा एकूण युक्तिवाद. तो सरांच्या कानावर आला आणि पटलाही. अडचण एकच, सर माळकरी. म्हणून पहाटे तुळशीची माळ शर्टाच्या आत जाई आणि डोक्यावर हेल्मेट चढे. लातुरात त्या वेळी हेल्मेट घातलेला माणूस दिसला की तो कलेजी आणायला निघालेले सरच, हे खाटकालाही पाठ झालं होतं. तो लांबूनच ओरडायचा, “बंटीचे पप्पा आले, काळीज काढून ठेव रे!”

काकूंनी स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिला नाही. मग गच्चीवर पत्र्याच्या शेडमध्ये वेगळा मिक्सर, वेगळी सुरी, ग्रॅमवर चालणारा काटा आणि भिंतीवर वेळापत्रक असा लातूर पॅटर्न उभा राहिला. सहाला मांस, अकराला हाडं, चारला कलेजी, रात्री उजळणी. पंधरा दिवसांनी रक्ताची चाचणी परीक्षा, आणि निकाल लाल शाईनं भिंतीवर. घोळ इतकाच की या परीक्षेत आकडा उतरायला हवा होता, आणि बंटीचा चाचणीगणिक चढत होता.

शेवटी फाइल, बंटी आणि सर असे तिघं उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेले. डॉक्टरांनी फाइल पहिल्या पानापासून वाचली, हे सरांना फार आवडलं. पुढचं आवडलं नाही. थकलेल्या किडनीला रक्तातला फॉस्फरस बाहेर टाकणं जड जातं आणि हाडांत, कलेजीत तोच ठासून भरलेला. वर कच्च्या मांसातून साल्मोनेलासारखे जंतू जायची धास्ती. आणि क्रिएटिनीन वाढलेलं दिसतं तेव्हा किडनीचं सुमारे पाऊण काम आधीच बंद पडलेलं असतं. सरांनी मनातल्या मनात वजाबाकी केली. “म्हणजे पंचवीस टक्क्यांवर पेपर सोडवायलंय लेकरू!” म्हणाले आणि डोळे पुसायला बाहेर गेले.

तेव्हापासून गच्चीवर शेगडी आली. भात, अंड्याचा पांढरा भाग, बेतानं उकडलेली कोंबडी, डॉक्टरांनी आखून दिलेली मापं. कांदा-लसूण वर्ज्य, द्राक्ष-मनुका वर्ज्य. माळकरी घरात निदान पहिल्या दोन वस्तूंचं तरी कौतुक झालं.

नांदेडचे मेव्हणे मात्र हटले नाहीत. ते दर मार्गशीर्षात आपलं कुत्रं घेऊन माळेगावच्या यात्रेला जाणारे. “मल्हारीच्या कुत्र्याला कुणी फॉस्फरस मोजून घातला होता, दाजी?” हा त्यांचा कायमचा सवाल. त्यांच्या कुत्र्याला मुतखडा झाला तेव्हा ते त्याला हुलग्याचं माडगं पाजायला निघाले. सरांनी फोनवरच तास घेतला: खडा कोणता ते आधी तपासा. स्ट्रुवाइट असेल तर पथ्याच्या खाण्यानं आणि औषधानं विरघळू शकतो, कॅल्शियम ऑक्झलेट असेल तर नाही, तो काढावाच लागतो. मेव्हणे म्हणाले, “अन् कामून वो, तुमच्या खड्याला तर माडगंच चाललं होतं की!” सरांनी फोन ठेवला. स्वतःच्या खड्याची फाइल घरात नव्हती.

बंटी बरा होणार नाही, हे सरांना माहीत आहे. किडनीचं गेलेलं परत येत नाही. पण आकडा चार महिने एका जागी थांबलाय, आणि भिंतीवर त्याखाली दोन रेघा ओढल्यात. या बळावर सरांनी शिकवणी वाढवलीय. कॉलनीतली कुत्री मालकांसह संध्याकाळी येतात. फी नाही, पण फाइल सक्तीची, आणि आधी डॉक्टरांकडं जाऊन आलेल्यालाच प्रवेश.

परवा एक जुना विद्यार्थी पोराला घेऊन आला. नीटचे मार्क एमबीबीएसला थोडे कमी पडलेले, रिपीट करावं का, हे विचारायला. सरांनी गुणपत्रिका चष्मा लावून पाहिली, पोराच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “रिपीट कशाला? व्हेटर्नरी घे. उदगीर बघ, जवळ आहे.”

बाप चहा न घेताच उठला.