दुसऱ्या नायकाची मावशी

दुसऱ्या नायकाची मावशी ही कोरियन प्रेममालिकांच्या प्रेक्षकांतली सर्वांत ठळक जात आहे. वयाची अट नाही. एकवीस वर्षांची मुलगीही मावशी असू शकते, आणि क्वचित पुरुषही. मालिकेत नायिका एक, तिच्यावर जीव टाकणारे दोघे. पहिला श्रीमंत, तिरसट आणि पोस्टरच्या मधोमध. दुसरा समजूतदार, वेळेवर छत्री घेऊन येणारा आणि पोस्टरच्या कडेला. नायिका पहिल्याचीच होणार हे पहिल्या भागापासून सगळ्यांना ठाऊक असते. मावशीलाही असते. तरी ती दुसऱ्याच्या बाजूने उभी राहते, सोळा भाग भांडते, हरते, आणि मग त्याच्यासाठी स्थळे बघायला लागते.

कोरियात या अवस्थेला ‘सब-ब्यंग’ म्हणतात. ‘सब’ म्हणजे दुय्यम नायक, ‘ब्यंग’ म्हणजे आजार. बाकीच्या जगात ‘सेकंड लीड सिंड्रोम’ हे नाव चालते. मावशीला दोन्ही नावे नामंजूर आहेत. आजार असलाच तर तो नायिकेला आहे, असे तिचे निदान आहे.

कोरियन प्रेक्षकांचे आणखी दोन शब्द इथे उपयोगी पडतात. कथानक अडले, गैरसमज चार भाग रेंगाळला, कुणी कुणाशी सरळ बोलेना, की त्याला ‘गोगुमा’ म्हणतात, म्हणजे रताळे. उकडलेले रताळे पाण्याशिवाय खाल्ल्यावर घशात तोठरा बसतो, तसे. मग कुणीतरी एकदाचे तोंड उघडून खडसावले की ते ‘साइदा’, म्हणजे लिंबाच्या चवीचा थंडगार सोडा. मराठी मावशीला यातला पहिला शब्द शिकवावा लागत नाही. कोरियात रताळे हा प्रसंग असतो आणि मराठीत ती व्यक्ती असते, एवढाच फरक.

जातीचा इतिहास फार जुना नाही. 2002 साली आलेली ‘विंटर सोनाटा’ पुढे जपानमध्ये एनएचकेवर लागली आणि तिथल्या मध्यमवयीन बायकांनी नायक बे यंग-जूनला ‘योन-सामा’ करून टाकले. ‘सामा’ हे आदराचे पद. आपल्याकडच्या ‘साहेबां’पेक्षाही वरचे. नायकाची स्मृती अपघातात जाते, परत येते, पुढे दृष्टीही जाते, आणि एवढ्या सगळ्यावर नायिका त्यालाच भेटते. तिच्याशी लग्न ठरलेला, रेडिओत कायमची नोकरी असलेला सांग-ह्यक तसाच राहतो. योन-सामाच्या गर्दीत सांग-ह्यकची चौकशी करणाऱ्या ज्या थोड्या बायका असतील, त्या या जातीच्या आद्य मावश्या.

शेवटांवरचा राग हा मावशीचा दुसरा प्रांत. 2004 साली ‘लव्हर्स इन पॅरिस’ने कोरियात पन्नास टक्क्यांवर प्रेक्षक टीव्हीसमोर बसवले आणि शेवटच्या भागात उलगडा केला की आजवरची कथा ही नायिकेनेच लिहिलेली संहिता होती. देश खवळला. वीस भाग ज्यांनी जेवणाच्या वेळा बदलल्या, त्यांना ‘हे घडलेच नव्हते’ सांगणे म्हणजे पंगत उठताना जेवण चित्रातले होते असे सांगण्यापैकी.

असा राग तेव्हा अगदीच वाया जात नसे. कोरियात आठवड्याला दोन भागांचा प्रघात, आणि कित्येक वर्षे मालिका सुरू असतानाच पुढचे भाग लिहिले आणि चित्रित केले जात. सेटवर ऐन वेळी दोन-चार पाने येत. त्यांना ‘चोक-देबोन’ म्हणत. चिठोऱ्यांवरची संहिता म्हणावे. शनिवारी प्रेक्षकांनी आरडाओरडा केला तर पुढच्या आठवड्यापर्यंत तो लेखकाच्या कानावर पोचू शके. त्यातून मावशीचा समज झाला की शेवट अर्ज करून बदलून मिळतो. 2016च्या ‘डिसेंडंट्स ऑफ द सन’च्या सुमारास हे बदलू लागले. ती मालिका चीनमध्ये त्याच वेळी दाखवायची होती आणि तिथल्या परवानगीसाठी सगळे भाग आधी तयार लागत होते. अशा पूर्ण चित्रित मालिका वाढल्या. अर्ज घेणारी खिडकी बंद झाली. मावशी मात्र अजून रांगेत आहे.

जातीचा अभ्यास एखाद्या नमुन्यावरून करणे सोयीचे पडते. डोंबिवलीतली एक मावशी टपाल खात्यातून निवृत्त झालेली आहे. टाळेबंदीत पुतणीने फोनवर एक मालिका लावून दिली, ती संपायच्या आत मावशीने मोठा टीव्ही घेतला. तिची वही आहे. पाठकोऱ्या पानांची, वर रबरबँड. तीत प्रत्येक दुसऱ्या नायकाची नोंद असते: नाव, वय, नोकरी, घरदार, आईवडील, व्यसन. शेवटचा रकाना ‘शेरा’.

या वहीत पहिले पान 2015च्या ‘रिप्लाय 1988’मधल्या किम जंग-ह्वानचे आहे. सेऊलच्या सांगमुन-दाँग भागातली एक गल्ली, पाच सवंगडी, त्यात एकच मुलगी, आणि तिचा नवरा यांपैकी कोण एवढेच कोडे. सगळा कोरिया दोन पक्षांत फुटला. ‘ऑ-नाम-र्यू’ हा एका पक्षाचा नारा. ‘काही झाले तरी नवरा र्यू जुन-यलच’ याचे लघुरूप. र्यू जुन-यल म्हणजे जंग-ह्वानची भूमिका करणारा नट. त्यांचे पुरावेही भक्कम होते. वर्तमानातला प्रौढ नवरा बायकोशी तिरकस बोलतो, जंग-ह्वानही तिरकस बोलतो. पण अठराव्या भागात जंग-ह्वानची गाडी सिग्नलला अडकते आणि तो पोचतो तोवर पाचांतलाच, ‘गो’ हा पटावरचा खेळ खेळणारा थेक सामना सोडून तिच्यापुढे हजर झालेला असतो. पुढे जंग-ह्वान अंगठी काढून मनातले सगळे बोलतो आणि लगेच थट्टा होती म्हणून हसण्यावारी नेतो. टेबलावर अंगठी तशीच राहते. डोंबिवलीत त्या रात्री सिग्नल यंत्रणेवर बरेच बोलणे झाले. वहीत शेरा असा: ‘हवाई दलात वैमानिक. सरकारी नोकरी, निर्व्यसनी. आई बोलायला फटकळ पण मनाने चांगली. मुलगी स्वतः विचारणारी हवी. हा बोलणार नाही.’

2020च्या ‘स्टार्ट-अप’ने मावशीच्या नोकरीतल्या साऱ्या अनुभवाला हाक घातली. अनाथ हान जी-प्यंग एका आजीच्या सांगण्यावरून तिच्या एकट्या पडलेल्या नातीला पत्रे लिहितो आणि खाली वर्तमानपत्रात दिसलेल्या एका हुशार मुलाचे नाव घालतो. पत्रे पक्ष्याच्या लाकडी घरट्यातून पोचतात. नात मोठी होते, त्या नावाच्या मुलाला शोधते आणि त्याचीच होते. पत्रे लिहिणारा उभाच राहतो. यावर मावशीचा निकाल खात्याच्या भाषेत आहे: पाठवणाऱ्याचे नाव खोटे असले म्हणून पत्र दुसऱ्याचे होत नाही. अक्षर कुणाचे ते बघा. बारा वर्षे ती सॉर्टिंगला होती. चुकीच्या दारी गेलेले पत्र परत कसे आणायचे हे तिला माहीत आहे आणि त्या नायिकेला नाही. वहीत दोन पाने खर्ची पडली आहेत. ‘गुंतवणूक कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. स्वतःचा फ्लॅट. सासू-सासरे नाहीत, एक मानलेली आजी. उत्तम.’ ‘उत्तम’खाली दोन रेघा.

ही भूमिका करणारा किम सन-हो पुढच्याच वर्षी ‘होमटाउन चा-चा-चा’मध्ये पहिला नायक झाला आणि त्याला दंतवैद्य मिळाली. मावशी हे श्रेय उघडपणे घेत नाही. फक्त ती गोष्ट निघाली की पदर सारखा करते.

सगळीच स्थळे जुळत नाहीत. ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’मधला गू संग-जुन लोकांचे पैसे बुडवून पळालेला असतो आणि जिच्यात गुंततो तिला वाचवताना गोळी खाऊन मरतो. त्याच्या नोंदीवर काट मारलेली आहे, पण पान फाडलेले नाही. त्याच मालिकेच्या शेवटाबद्दल तिचे मत जातीतल्या इतरांपेक्षा वेगळे पडते. उत्तर कोरियाचा कप्तान आणि दक्षिणेची उद्योजिका सीमेमुळे एकत्र राहू शकत नाहीत, म्हणून वर्षातून दोन आठवडे स्वित्झर्लंडला भेटतात. ‘बावन्न आठवड्यांत दोन?’ असा जगभर हिशोब मांडला गेला. मावशी मूळची कोकणातली. नवरा गिरणीत आणि बायको गावी, भेट गणपतीला आणि शिमग्याला, असे संसार तिच्या आजीच्या पिढीत घरोघर होते. आजीच्या सासरी तर दोन आठवडे म्हणजे चैन ठरली असती, शिवाय डोंगर फुकट. या शेवटाला तिने दहापैकी आठ गुण दिले. प्रत्यक्षात ते नटनटी 31 मार्च 2022 रोजी लग्न करून मोकळे झाले, तेव्हा उरलेले दोन दिले.

आडनावाच्या बाबतीत कोरियन लेखकांनी मावशीपासून सावध राहायला हवे होते. 2022च्या ‘ट्वेंटी-फाइव्ह ट्वेंटी-वन’मध्ये तलवारबाज ना ही-दो आणि बॅक यी-जिन यांची जोडी. पण वर्तमानकाळात दिसणाऱ्या तिच्या मुलीचे आडनाव किम. कोरियात मूल सहसा बापाचे आडनाव लावते. कोट्यवधी प्रेक्षकांनी त्यावर उपाय शोधले: मूल दत्तक असेल, बापाने नाव बदलले असेल, दुसरेच काही असेल. डोंबिवलीत पाचव्या भागालाच निकाल लागला होता. ‘आडनाव वेगळं, म्हणजे लग्न दुसरीकडे. ह्यात शोधायचं काय?’ शेवटी तसेच झाले आणि जगभर अश्रू वाहिले. मावशीही रडली. बरोबर ठरल्याने रडणे थांबत नाही, हे या जातीचे एक कमी नोंदले गेलेले लक्षण आहे.

या जातीचा त्रास घरच्यांना होतो, हे मान्य करायला हवे. नात्यातल्या खऱ्या लग्नांत मावशीचे लक्ष नसते. बोहल्यावर जोडपे उभे असताना ती कडेला बघत असते. गेल्या वैशाखातल्या एका लग्नात तिने व्हिडिओवाल्या पोराला तीनदा विचारले, ‘तू जेवलास का रे?’ तो नाही म्हणाला, तेव्हा ती स्वतः ताट वाढून घेऊन आली. विहीणबाईंच्या मानपानाचा घोळ त्याच वेळी चालू होता. त्यात तिचा पत्ता नव्हता. मालिकांतही ती हेच करते. शेवटच्या भागात नायक-नायिका बर्फात एकमेकांजवळ येतात, संगीत चढते, आणि मावशी तेवढ्यात चित्र थांबवते. मागे, धूसर, रस्त्यापलीकडे कुणीतरी उभे असते. ‘ह्याला घरी गेल्यावर कोण वाढतं?’ असा तिचा प्रश्न असतो, आणि लेखकांनी त्याचे उत्तर दिलेले नसते.

हे रात्री अकराच्या सुमारास घडते. मावशीचे यजमान मालिका बघत नाहीत. त्यांना नावेही ठाऊक नाहीत. त्यांच्या लेखी एक ‘विमानवाला’, एक ‘पत्रवाला’, एक ‘तो वारला तो’. साडेदहाला ते चहा करतात, कप टीव्हीसमोरच्या स्टुलावर ठेवतात, वर बशी झाकतात. मावशीची नजर पडद्यावरून हलत नाही. अकराला ते पुन्हा येतात. कपातल्या चहावर साय धरलेली असते. ते तो उचलतात, त्या जागी गरम कप ठेवतात, बशी झाकतात.

‘विमानवाल्याचं जमलं का कुठे?’

‘नाही हो अजून.’

‘जमेल,’ म्हणून ते गार चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरात जातात आणि तिथे उभ्यानेच पितात.