गृहखात्याचे चित्रपट-परीक्षक

चेन्नईच्या दक्षिणेस, जुन्या महाबलीपुरम रस्त्याच्या काठी, संगणक-कंपन्यांच्या काचेच्या इमारती, पळ्ळिकरणैची पाणथळ आणि महानगरपालिकेचा कचऱ्याचा डोंगर या तिघांनाही सारख्याच समभावाने नांदविणारे पेरुंगुडी नावाचे जे उपनगर आहे, तेथील कोणत्याही बहुमजली वसाहतीत पुण्या-नाशकाकडून नोकरीनिमित्त आलेले हे मराठी गृहस्थ हटकून भेटतात. आठवडाभर ते इतरांनी लिहिलेल्या आज्ञावलींतील दोष शोधून काढतात आणि त्याचा पगार घेतात. शुक्रवारी रात्री मात्र त्यांचे दुसरे, बिनपगारी आणि अधिक जोखमीचे दफ्तर उघडते. घरात अकरा वर्षांची कन्या आहे, आणि शनिवारी तिला कोणता चित्रपट दाखवावा याचा निकाल द्यावयाचा असतो.

वास्तविक या कामासाठी १९५२च्या कायद्यान्वये सरकारने एक मंडळ नेमलेले आहे. २०२३च्या दुरुस्तीने त्यातील ‘यूए’ या वर्गाचे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन पोटवर्ग पाडले, आणि हे आकडे पालकांच्या मार्गदर्शनार्थ आहेत, असेही ठरले. या ‘पालक’ शब्दाने आपल्याला रीतसर सनदच मिळाली, असा आमच्या गृहस्थांचा समज असल्यामुळे त्यांनी सरकारी वर्गवारीत स्वतःची भर घातली आहे : ‘साडेनऊ’, ‘अकरा, मध्यंतरापर्यंत’ आणि ‘अकरा, परंतु आजी घरात नसताना’. सरकारी ‘यू’वर त्यांचा काडीमात्र भरवसा नाही, आणि हा अविश्वास अगदीच निराधार म्हणता येत नाही. तमिळनाडू सरकारने २०११ साली करमणूक-कराच्या माफीसाठी तमिळ नावाच्या जोडीला ‘यू’ प्रमाणपत्राचीही अट घातल्यावर, निर्मात्यांच्या अंतःकरणात बालकल्याणाचा जो कळवळा एकाएकी उचंबळून आला, त्याचा उगम जमाखर्चाच्या वहीत होता, हे शेजारच्या तमिळ सद्गृहस्थांनी त्यांना एकदा लिफ्टमध्ये साद्यंत समजावून दिले आहे.

सबब, प्रत्येक चित्रपट ते आधी स्वतः, मध्यरात्री, आवाज बारीक करून पाहतात आणि मिनिट, मजकूर व शेरा अशा तीन रकान्यांचा तक्ता भरतात. नायकाने चाळीस गुंड गोदामाच्या भिंतीतून आरपार फेकले, तर शेरा पडतो : ‘किरकोळ मारामारी, मंजूर.’ पण नायक-नायिका पावसात एका छत्रीखाली आली, की प्रकरण तहकूब होते. या न्यायात विसंगती पाहणाऱ्यांना त्यातील मर्म उमगलेले नसते. गुंडांविषयी मुलगी काही विचारीत नाही, छत्रीविषयी विचारते. ज्या दृश्यावरील प्रश्नाचे उत्तर आपल्याला देता येणार नाही ते बालमनास अपायकारक, ही त्यांची एकमेव आणि अचूक कसोटी आहे.

स्वतः गृहस्थांनी मुलीच्याच वयात, गणेशोत्सवात गल्लीच्या तोंडाशी ताणलेल्या पडद्याच्या मागल्या बाजूस बसून ‘शोले’ पाहिला होता, आणि त्यामुळे डावखुरा अमिताभ बच्चन पुढे कित्येक वर्षे त्यांच्या लेखी उजवा होता. ठाकूराने गब्बरला ठार मारावे हा मूळ शेवट सेन्सॉरने बदलावयास लावून ऐन वेळी पोलीस आणविले, हे त्यांना कळले तेव्हा ते हळहळलेही होते. तरीही कन्येने ‘शोले’ मागितला, तेव्हा ‘तेरानंतर’ असा शेरा मारताना त्यांचा हात कापला नाही. त्या काळची हिंसा सात्त्विक होती, असे त्यांचे म्हणणे.

त्यांच्या अंमलाला पहिला तडा गेला तो वसाहतीच्या गच्चीवर. चेन्नईच्या झोपडवस्तीतील दोन भावांच्या पिझ्झा खाण्याच्या ध्यासाची कथा सांगणारा, राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त ‘काका मुट्टै’ तेथे उपशीर्षकांवाचून दाखविला गेला. गृहस्थांचे तमिळ भाजी आणि रिक्षा यांपलीकडे गेलेले नाही. कन्येचे मात्र शाळेच्या बसमध्ये, अर्थात सर्व छटांसह, पक्के झालेले. पडद्यावरचा इसम हातवारे करीत मिनिटभर बोलला, गच्चीभर हशा पिकला, आणि दुभाषी म्हणून शेजारी बसलेल्या कन्येने भाषांतर केले, “तो म्हणतोय, इथून जा.” एवढ्यावर लोक इतके का हसले, अशी पृच्छा करताच ती गंभीरपणे उत्तरली, “बाबा, ते तुला नको.”

या अधिक्षेपाची भरपाई म्हणून पुढच्या शनिवारी गृहस्थांनी पूर्वतपासणीवाचून, निव्वळ श्रद्धेने, आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ लावला. १९५३चा चित्रपट, राष्ट्रपतींच्या पहिल्या सुवर्णपदकाचा मानकरी. येथे आक्षेपाला जागा कोठे? चित्रपट संपला तेव्हा गृहस्थ डोळे पुशीत होते आणि कन्येने त्यांचाच तक्ता भरून पुढे केला. पोहायला जात नाही म्हणून आईचा मार, कर्जवसुलीत बाईमाणसाचा अपमान, अखेरीस मृत्यू. शेरा : ‘तेरानंतर. बाबांनी एकट्याने पाहावा.’

गृहस्थांनी फेरतपासणीचा अर्ज गुदरला असून तो सौभाग्यवतींच्या विचाराधीन आहे. दरम्यान मायलेकी रोज रात्री जेवणाच्या वेळी, एक सासू सुनेच्या दुधात विष कालवीत आहे अशी मालिका अखंड पाहतात. पण मालिका हा चित्रपट नव्हे, त्यामुळे ती या खात्याच्या अखत्यारीत येत नाही, आणि गृहस्थही ताटावरून न उठता, उद्या ते दूध नेमके कोण पिणार याची चौकशी करीत असतात.