काती, कोंबडा आणि आयएमपीएस

जिंकलेले पैसे किती लवकर हातात पडतात, एवढ्याच निकषावर जुगाराची प्रतवारी लावायची असेल, तर आमच्या झाडीपट्टीतल्या कोंबडा बाजाराचा हात धरणारं कोणी नाही. मी उभा जन्म बँकेच्या काउंटरमागे काढला आहे. पेमेंटच्या बाबतीत माझ्या मताला थोडं वजन असावं. कोंबड्यांच्या पायांना काती, म्हणजे धारदार पाती, बांधतात, दोघे भिडतात आणि बरेचदा हातातली बिडी विझायच्या आत निकाल लागतो. पैसे तिथेच, रोख. शिवाय हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याच्या मालकाचा. म्हणजे मुद्दल, नफा आणि रात्रीचा रस्सा, तिन्ही एकाच खिडकीवर. आमच्याकडे साधा ड्राफ्ट काढायचा तर माणूस पितळी टोकन मुठीत धरून जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाकावर पेंगत असे.

खोट एवढीच की हा बाजार बेकायदा आहे. धाड पडली की खेळणारे नाल्याकडे पळतात आणि मोटारसायकली मागे राहतात. दुसऱ्या दिवशी पेपरात जप्त मुद्देमालाची यादी येते, तीत दुचाक्यांच्या शेजारी जिवंत कोंबडे. मुद्देमाल पहाटे आरवला की ठाण्यातल्या रात्रपाळीचं काय होत असेल, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे.

शेजारच्या पोराला मात्र कोंबड्यांत रस नाही. तो मोबाइल घेऊन आला. पडद्यावर ऑनलाइन कॅसिनोंची रांग, आणि प्रत्येकाचं ब्रीद एकच: दोन मिनिटांत पैसे थेट बँकेत.

"काकाजी, तुमी बँकेत होते. ह्याच्यातलं चांगलं कोनतं, सांगा ना."

आता निवृत्त माणसाला कोणी मत विचारलं तर तो चष्मा पुसतोच. मी सुरुवात मुळापासून केली. आयएमपीएस २०१० साली आलं, यूपीआय २०१६ साली. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटीही रात्रंदिवस चालू. तेव्हा पैसे झटपट जाणं ही बँकांची करामत, कॅसिनोवाल्याची नव्हे. तो फक्त पाठवायचे कधी, ते ठरवतो. पोरगा जांभई आवरत होता. मग मी अटी वाचायला घेतल्या. आयुष्यभर कर्जाचे कागद हाताळल्यामुळे बारीक अक्षरांची मला भीती वाटत नाही.

एके ठिकाणी बोनस हजाराचा, पण तीसपट खेळल्याशिवाय काढता येत नाही. म्हणजे हजार रुपये मिळवायला तीस हजारांचा खेळ. पैसे भरताना एक ओटीपी पुरतो. काढताना आधार, पॅन, पासबुकाचं पहिलं पान आणि त्या पानासकट स्वतःचा फोटो. पेन्शनर म्हणून हयातीच्या दाखल्याची मला सवय आहे, पण तो वर्षातून एकदाच मागतात आणि त्यासाठी आधी जुगार खेळावा लागत नाही.

खरी गंमत पैसे भरायच्या खात्यात होती. नाव कॅसिनोचं नाही, कुठल्या तरी परक्या गावच्या ट्रेडर्सचं. असली खाती भाड्याने घेतलेली असतात. गरजू माणसाकडून पासबुक, एटीएम आणि सिमकार्ड घ्यायचं, बदल्यात थोडे पैसे टेकवायचे. जिंकलेली रक्कमही अशाच खात्यातून येते. पुढे त्या खात्यावर फसवणुकीची तक्रार झाली, की सायबर पोलीस पैशाचा माग काढत तुमच्यापर्यंत पोचतात आणि तुमचं खातं गोठतं. दोन मिनिटांत आलेले पैसे मग दोन वर्षं हलत नाहीत.

"आन् कायदा?" पोराने विचारलं. कायद्यांची आपल्याकडे ददात नाही. जुगारबंदीचा कायदा १८८७ चा. कॅसिनोंवर नियंत्रण आणि कर यांचा कायदा राज्याने १९७६ साली केला, तो कधीच लागू केला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. न उघडलेलं खातं बंद करायला सत्तेचाळीस वर्षं! आमच्या शाखेलासुद्धा हे जमलं नसतं. आणि २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झालेल्या नव्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घातली. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड, आणि बँकांनी असले व्यवहार पुढे न्यायचे नाहीत. सबब यादीतल्या सगळ्यांना माझ्याकडून शून्य गुण.

"सगळ्याइलेच?" पोरगा हिरमुसला. मला त्याचा राग आला नाही. ज्या मुलखात तेंदूपत्त्याचा हंगाम मे महिन्यात संपतो आणि बोनसची चौकशी पुढल्या उन्हाळ्यात चालू असते, तिथे 'दोन मिनिटांत' या शब्दांवर तरणंताठं पोर भाळलं तर नवल नाही. जिंकायची त्याला फारशी आशा नव्हतीच. वेळेवर मिळतील, एवढ्याचंच त्याला अप्रूप. मी सांगणार होतो की आयुष्यात सबुरी लागते. पण सबुरीचा व्यवसाय मी पगार घेऊन केला, त्यामुळे गप्प बसलो.

एवढ्यात त्याचा बाप कुंपणापाशी आला. त्याने आमचं बरंचसं ऐकलं असावं. खरेदी केंद्रावर धान देऊन त्याला महिने लोटले होते, पावती अजून बंडीच्या खिशात.

"बाबू," तो म्हणाला, "थो मोबाइल इकडं आन. माह्या धानाचे चुकारे किती मिनिटात येतेत, थे पाय त्याच्यात."