पत्र्यावरचा दगड

फर्दापुरात भूकंपाचा विषय काढा, उत्तर ठरलेलं आहे. "आपल्याकडे काळा पाषाण आहे. इथं काही होत नाही." समोर अजिंठ्याचा डोंगर, त्याच्या पोटात दोन हजार वर्षांची लेणी. आणखी कुठला पुरावा हवा?

किल्लारीतही काळा पाषाणच होता.

30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून माणसं नुकती निजली होती. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार जीव गेले. पुढे शास्त्रज्ञांनी तिथं खोल छिद्र घेतलं, तेव्हा त्या पाषाणाचा थर सुमारे 338 मीटर भरला. एवढा जाड थर अंगावर असला की खालच्या जुन्या भेगा वरून कळत नाहीत. कळत नाहीत म्हणून त्या नाहीतच, हे कुणी ठरवलं?

लेण्यांचा दाखला तर मुळातच चुकीचा. लेणं हे डोंगर कोरून केलेलं आहे, तिथं दगडावर दगड रचलेला नाही. आपलं घर पायापासून छतापर्यंत रचलेलं असतं आणि धक्का सगळ्यात आधी जोडावर बसतो. तुमच्या घराचे जोड कुणी पाहिलेत?

मग नकाशा पुढे केला जातो. छत्रपती संभाजीनगर जिल्हा 'झोन दोन'मध्ये आहे, म्हणजे देशातल्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात. खरं आहे. पण 1993 साली किल्लारी कुठल्या झोनमध्ये होती? झोन एकमध्ये. तेव्हाचा सर्वांत खालचा. 2002 साली नकाशा सुधारला, झोन एक रद्द झाला आणि लातूरचा तो भाग झोन तीनमध्ये गेला.

त्याआधी कोयना. दख्खनचं पठार स्थिर आहे, अशी समजूत पक्की होती. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगर कोसळलं, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, 103 मीटर उंचीच्या धरणाला तडे गेले. नकाशा 1970 साली बदलला.

दोन्ही वेळा आधी माणसं गेली, मग नकाशाचा रंग बदलला.

झोन दोनचा अर्थ धोका कमी एवढाच आहे. शून्य असा झोन या देशात उरलेलाच नाही. झोन दोनमधल्या इमारतीचा हिशेबही भूकंप धरूनच करायचा, असं भारतीय मानक सांगतं. आपल्या गावात तो हिशेब कोण करतं? गवंडी. त्याला तो कुणी शिकवला? कुणीही नाही.

आणि किल्लारी लांब वाटत असेल, तर उत्तरेकडे पाहा. फर्दापूरहून संभाजीनगरपेक्षा जळगाव जवळ. जळगावच्या पलीकडे सातपुडा. 14 मार्च 1938 रोजी त्याच सातपुड्यात सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला होता. शंभर वर्षंही झाली नाहीत. खानदेशात आज किती जणांना ते ठाऊक आहे? पृथ्वीच्या हिशेबात शंभर वर्षं ही गोष्ट कालची.

पण खरं बोलायचं ते घरांबद्दल.

किल्लारीचं माळवद आठवा. दगडाच्या जाडजूड भिंती मातीत बांधलेल्या. आतून एक थर, बाहेरून एक थर, मध्ये खडी-मातीचा भराव. दोन्ही थरांना सांधणारा आरपार दगड क्वचितच. वर लाकडी खणांवर मातीचं छत. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी त्यावर नवी माती पडायची. वर्षागणिक छत जड होत गेलं. धक्का बसला, भिंतीचे दोन थर दोन दिशांना फाकले आणि ते सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलं. कित्येक घरांत लाकडी खांब आणि तुळया उभ्याच राहिल्या, माणसं भिंतींखाली गेली. कुडाच्या हलक्या झोपडीतली माणसं त्या मानाने वाचली.

जाड भिंत म्हणजे भक्कम घर, हा समज त्या पहाटे संपायला हवा होता. संपला का?

याहून जिव्हारी लागणारी गोष्ट वेगळीच आहे. 1992 च्या ऑक्टोबरातच किल्लारीला धक्के बसले होते. लोक घाबरले, बाहेर झोपले. मग धक्के थंडावले, लोक आत गेले आणि भिंती होत्या तशाच राहिल्या. जवळपास एक वर्ष हातात होतं. भूकंप केव्हा येईल हे तेव्हा कुणी सांगू शकत नव्हतं, आजही जगात कुणी सांगू शकत नाही. त्यामुळे 'आज रात्री मोठा धक्का येणार' हा मोबाइलवरचा निरोप पुढे पाठवण्याऐवजी खोडून टाका. पण भिंत कच्ची आहे हे तर तेव्हाही डोळ्यांना दिसत होतं ना?

आता अगदी परवाची गोष्ट. 21 मार्च 2024, सकाळी सहानंतर हिंगोली परिसरात लागोपाठ दोन धक्के, त्यातला मोठा 4.5 चा. नांदेड, परभणीपर्यंत भांडी वाजली. 10 जुलैला पुन्हा तेवढाच. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेचे लोक तर अनेक वर्षं जमिनीतून येणारे आवाज ऐकताहेत. मार्चमधल्या धक्क्यानंतर प्रशासनानं एक आवाहन केलं: पत्र्यांवर आधाराला ठेवलेले दगड काढून टाका.

भूकंपाबद्दल सरकारकडून आलेला इतका कामाचा सल्ला मी क्वचित ऐकला आहे. 'घाबरू नका, सतर्क राहा' यातलं काय करायचं असतं? दगड काढता येतो.

फर्दापुरात, सोयगावात, सिल्लोडमध्ये मान वर करून बघा. किती पत्र्यांवर दगड आहेत? वाऱ्यानं पत्रा उडू नये म्हणून ठेवलेले, हे मान्य. मग हूक आणि नट-बोल्ट लावून पत्रा आवळा. वाराही थांबेल, दगडही डोक्यावर राहणार नाही. खर्च? एका सणाच्या कपड्यांहून कमी.

सिमेंटच्या घरात राहणाऱ्यांनी निर्धास्त होऊ नये. 26 जानेवारी 2001 ला धक्का कच्छमध्ये बसला आणि इमारती पडल्या सव्वादोनशेहून अधिक किलोमीटर दूरच्या अहमदाबादेत. त्यांतल्या अनेकांत खाली मोकळं पार्किंग, वर मजल्यांचा भार. हमरस्त्याकडेच्या आपल्या गावांत काय बांधलं जातंय? खाली शटरची दुकानं, वर खोल्या, पैसे आले की आणखी एक मजला. पायाला मात्र पहिल्या मजल्यापुरतंच माहीत होतं.

दार कुठल्या दिशेला, हे बांधताना दहा जण विचारतात. कॉलममध्ये रिंगा किती अंतरावर बांधल्या, हे एक जण तरी विचारतो का?

डहाणू-तलासरीचंही विसरू नये. नोव्हेंबर 2018 पासून तिथल्या पाड्यांवर धक्क्यांची मालिका लागली. थंडीत लोक बाहेर झोपले, सरकारनं तंबू दिले. फेब्रुवारी 2019 मध्ये धक्क्यानंतर घाबरून पळताना पडून एका दोन वर्षांच्या मुलीचा जीव गेला. तंबू दिले हे बरं केलं. पण तंबूतून माणूस शेवटी परततो त्याच घरात.

फ्रान्सनं आपल्या भूकंपाच्या नकाशाचं काय केलं? त्यांच्या मुख्य भूमीवर धोका बेताचा आणि समुद्रापलीकडच्या ग्वाडलूप-मार्टिनिक बेटांवर सर्वाधिक. देशाचे पाच झोन पाडले, बेटं पाचव्यात. आणि नकाशा कपाटात ठेवला नाही. धोक्याच्या पट्ट्यातलं घर विकताना किंवा भाड्यानं देताना ते कुठल्या झोनमध्ये आहे, हे समोरच्याला लेखी द्यावं लागतं. आपल्या खरेदीखतात चतुःसीमा असते, झाडं असतात, विहिरीतला हिस्सा असतो. झोन कुठे असतो?

कायदा बदलायला वेळ लागेल, ठीक. पण एक गोष्ट उद्या होऊ शकते.

घरकुलाचा हप्ता टप्प्याटप्प्यानं मिळतो. जोतं झालं, फोटो. लिंटेलपर्यंत भिंत आली, फोटो. छत झालं, फोटो. त्याच लिंटेलच्या उंचीवर घराच्या चारही भिंतींना न तुटता बांधणारा सळई-काँक्रीटचा सलग पट्टा भूकंपात भिंती फाकू देत नाही. आज तिथं दारावर एक तुकडा आणि खिडकीवर एक तुकडा टाकून काम भागवलं जातं. फोटो काढला जातोच, मोबाइल हातात असतोच, अभियंता समोर उभा असतोच. त्या फोटोत सलग पट्टा दिसला तरच पुढचा हप्ता आणि त्या पट्ट्याच्या सळईचे पैसे वाढवून, अशी अट घालायला कुठला नवा नकाशा लागतो?

पुढच्या ग्रामसभेत हा विषय कोण मांडणार, ते सांगा. ठरावाचा मसुदा मी लिहून देतो.