अतिकोमल स्वरलिपीकार

संगीताची आवड आणि घरचा प्रिंटर एकत्र आले की स्वरलिपीकार तयार होतो. वाशीम जिल्ह्यात तो रिसोड-कारंज्याकडच्या गायन क्लासांच्या अवतीभवती सापडतो. गातो बेताचंच, पण दुसऱ्यानं गायलेलं कागदावर उतरवल्याशिवाय त्याला झोप येत नाही.

भातखंडे पद्धतीत खुणा मोजक्याच. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली टिंब, तारेला वर. उरलेलं गुरूच्या गळ्यातून घ्यायचं, ही रीत याला मान्य नाही. त्यात संगणक वैरी. तार सप्तकातल्या ‘ग’वर टिंब दिलं की त्याचा अनुस्वार होतो आणि मंद्रासाठी नुक्ता लावला की अस्सल वऱ्हाडी भजन उर्दू गझल दिसू लागतं.

खरा आजार श्रुतींचा, म्हणजे स्वरांमधल्या बारीक अंतरांचा. सप्तकाचे सेंट 1200. पेटीचा शुद्ध गंधार 400 वर, तर तंबोऱ्याच्या खर्जातून आपसूक उमटणारा स्वयंभू गंधार साधारण 386 वर. या चौदा सेंटांपायी तो म्यूझस्कोर या स्वरलेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वरापुढे खालच्या बाणाची खूण लावत रात्र जागवतो. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी 1910 साली बावीस श्रुतींवर पुस्तक काढलं, पुढे श्रुतींची पेटीही झाली. भजनी मंडळांनी मात्र बाराच पट्ट्या ठेवल्या, याचं त्याला अजून वाईट वाटतं. दरबारीपाशी तर तो पार थकतो. तिथला कोमल गंधार आंदोलित, म्हणजे एका आकड्यावर बसायलाच तयार नाही.

तेवढ्यात क्लासात व्हायोलिन येतं. मोकळी तार षड्जाची धरली, तर बोट न दाबता मधोमध नुसतं टेकवल्यावर वरचा षड्ज ऐकू येतो आणि तिसऱ्या हिश्श्यावर त्याच्याही वरचा पंचम. पाश्चात्त्य लिपीत अशा स्वरावर बारीक वर्तुळ काढतात, आणि एक बोट दाबून दुसरं टेकवायचं असेल तर वरच्या बोटासाठी शंकरपाळ्याच्या आकाराचं डोकं. स्वरलिपीकार ही वर्तुळं उचलून भातखंडे पद्धतीत आणतो. तिथे शून्य म्हणजे तालातली ‘खाली’. छापताना ओळ सरकते, वर्तुळ वरच्या ओळीला चिकटतं आणि तबलजी भलत्याच मात्रेवर खाली दाखवतो.

अखेर कागद पेटीवाल्यापुढे जातो. तो चष्मा सावरून विचारतो, “भाऊ, हा बाण कोनत्या पट्टीचा? आपल्याले त बाराच हायेत.” स्वरलिपीकार वाद घालत नाही. त्याच रात्री बारा पट्ट्यांची वेगळी आवृत्ती काढतो आणि तळटीप देतो, की यातले सर्व गंधार चुकीचे आहेत.