गूळ, मेथी आणि ओले मोजे

थंडीच्या बाबतीत मी पक्का मुंबईकर आहे. म्हणजे मला तिचं कौतुक आहे, अनुभव नाही. आमच्याकडे पारा सोळावर उतरला की मी माळ्यावरून डांबरगोळ्यांच्या वासाचा स्वेटर काढून ऑफिसला जातो आणि दुपारी तो काखेत मारून परत येतो. सांताक्रूझला जानेवारी १९६२ मध्ये पारा ७.४ अंशांपर्यंत घसरला होता. त्या वेळी मी जन्मलो नव्हतो, हा माझ्या दूरदृष्टीचा एकमेव पुरावा.

यंदा पौषात आत्याचं फर्मान आलं. "नातू येऊन राहिला आहे विनिपेगहून. तूही ये. सगळे मिळून बड्या गणपतीला जाऊ." आत्या इंदूरच्या मल्हारगंजात राहते. पन्नास वर्षांत तिच्या मराठीवर हिंदी अशी भुरभुरली आहे, जसं तिथल्या पोह्यांवर जिरावन.

मी तयारीनिशी गेलो. थर्मल, त्यावर दोन स्वेटर, मफलर, हातमोजे, लोकरीचे मोजे आणि कानटोपी. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. "क्यों भिया, केदारनाथ से आ रहे हो?"

घरी पोचलो तर नऊ वर्षांचा तो नातू अर्ध्या बाह्यांचा टीशर्ट घालून अंगणात जिलबी खात होता. बाहेर नऊ अंश. त्याच्या गावी उणे तीस ऐकून कोणी मान वर करत नाही. गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून ती रात्रभर विजेच्या तारेला जोडून ठेवतात, असं त्याच्या बापाने सांगितलं. माझंही तसंच आहे. फक्त मला चहाला जोडावं लागतं.

"काका, इथे बर्फ कुठेय?" पोराने विचारलं.

माळव्यात बर्फ पडत नाही. हिमालयात पडला की ढग सरतात, उत्तरेचे कोरडे वारे सुटतात आणि साडेपाचशे मीटर उंचीवरच्या या पठाराला हुडहुडी भरते. मुंबईला समुद्र रात्रभर पांघरूण घालतो. इथे निरभ्र आभाळाखाली दिवसाची ऊब दिवस मावळताच पसार. इथल्या शेतकऱ्याला धास्ती असते ती 'पाल्या'ची, म्हणजे गोठलेल्या दवाची. पाला पडला की हरभरा भाजल्यासारखा काळवंडतो. गोठण्याचं कौतुक त्यालाच, ज्याचं पीक शेतात उभं नाही. पोराच्या बापालाही ते नाही. दारातला बर्फ फावड्याने उपसायचं काम त्याच्याकडे आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. मुद्दाम वळसा घालून दाखवलेल्या राजवाड्याबद्दल इतकंच सांगतो की धुक्यात तो होता, असं सगळे म्हणाले.

देवळात चपला-बूट काढायचे, एवढं मला ठाऊक होतं. मोज्यांबद्दल धर्मशास्त्र काय म्हणतं ते मी विचारलं नाही आणि तसाच आत शिरलो. फरशी नुकतीच धुतलेली होती. लोकर पाणी पिते, हे शाळेत शिकलो होतो. किती पिते, ते त्या दिवशी कळलं. तिसऱ्या पावलाला माझ्या दोन्ही पायांना एकेक गार, ओली मांजर बांधल्यासारखं झालं.

तशात वर पाहायचं होतं. हा गणपती पंचवीस फुटांचा. मुखदर्शन घ्यायचं तर मान मागे टाकावी लागते, आणि माझी मान मफलरच्या ताब्यात. मी जोर केला. मान गेली, पण कानटोपी पुढे घसरून डोळ्यांवर बसली. गाठ सुटेना, कारण हातमोजे. हातमोजे निघेनात, कारण ते मी स्वेटरच्या बाहीत खोचलेले. पुढे काहीतरी भव्य, शेंदरी आणि गोल जाणवत होतं. मी भक्तिभावाने वाकलो आणि माथा टेकला.

"अरे भाईसाहब," भव्य गोलाकार बोलला, "मैं तो खुद लाइन में हूँ!"

केशरी शाल पांघरलेल्या त्या सज्जनांनी मला आशीर्वाद दिला, हे त्यांचं मोठेपण. अख्खी रांग हसली. पोरगा मात्र हसला नाही. त्याने मला ओढत पायरीवर नेलं, मोजे सोलून काढले आणि माझी बोटं एकेक दाबून पाहिली. "ओले मोजे सर्वांत डेंजरस, काका. बोटं हलवून दाखव." मी हलवली. "ओके. वाचतील." इतक्या काळजीने माझे पाय यापूर्वी फक्त चांभाराने पाहिले होते.

मूर्तीची माहिती मला त्या पायरीवरच मिळाली. उज्जैनच्या दाधीच नावाच्या भक्ताला पडलेल्या स्वप्नातून ती घडली, अशी कथा आहे. विटा-चुन्यात गूळ आणि मेथी मिसळली, सात मोक्षपुऱ्यांची माती आणली. वरून तुपाशेंदराचा चोळा चढतो.

रात्री मात्र चक्र फिरलं. विनिपेगची मंडळी कुडकुडू लागली! तिथे घरात भिंतीतून ऊब येते. इथे दगडी फरशी, फटींची खिडकी आणि घरातही तेरा अंश. बाप रजईत, पोरगा बापात.

"तिकडची थंडी चांगली होती ना?" मी आत्याला विचारलं. ती एक हिवाळा तिथे राहून आली होती.

"पहिल्या दिवशी बर्फ पाहून टाळ्या वाजवल्या रे. दुसऱ्या दिवशीही छान वाटला. तिसऱ्या दिवशी वाटलं, आता याने आपल्या घरी जावं." ती लाडवांचा डबा उघडत होती. "मग पाच महिने खिडकी. मुलगा-सून कामावर, रस्त्यावर चिटपाखरू नाही. थंडी नाही वाजली, खोटं कशाला बोलू? सुती साडीत होते. पण पाच महिन्यांत मला एकदाही कोणी म्हटलं नाही, शाल घे म्हणून. गरजच नव्हती ना."

मला काही सुचेना. मी लाडू घेतला. मेथीचा.

पोराने एक तुकडा खाऊन तोंड वाकडं केलं आणि मग डोळे विस्फारले. "आजी, यात गूळ, मेथी आणि तूप? म्हणजे आपण गणपती खातोय?"

"गप खा," आत्या म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आणि तू, शाल घे."

मी दोन स्वेटर घालून बसलो होतो. तरी घेतली.