फळी पुसणार कोण?

"अगो, आहेस का घरात? ये जरा गडग्याशी. काल समोर वास्तुशांतीला का नाही आलीस?"

"शाळेतून सुटायलाच साडेसहा झाले, काकू. पेपर तपासायचे होते. कशी झाली?"

"जेवण उत्तम. पण ते राहू दे. त्यांचा हॉल बघायला हवा होतास. भिंतभर फळ्या! जमिनीपासून पार वरपर्यंत. आणि त्यांच्यावर काय, तर काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे एक मडकं. पुढे हातभर मोकळं. मग एक मेणबत्ती, ती पण कधी न पेटवायची. पुढे परत मोकळं. मला वाटलं, सामानाचा टेंपो यायचाय अजून. विचारलं तर सून म्हणते, नाही काकू, झालं मांडून. म्हणजे रिकामी जागा ठेवायला त्या इंटीरियरवाल्याला पैसे दिलेन म्हणायचे!"

समोरच्या घराचे चिरे कुठल्या खाणीतून आले, लाद्या कितीला पडल्या, पाया खणताना पाणी किती फुटावर लागलं, हे सगळं काकूंना तोंडपाठ आहे. या फळ्यांचं कोडं मात्र त्यांना रात्रभर सुटलेलं दिसत नव्हतं.

"हल्ली तशीच पद्धत आहे," मी म्हटलं. "फळीचा तिसरा हिस्सा तरी मोकळा सोडायचा. वस्तू तीन किंवा पाच, जोडी-जोडीने नाही. उंच वस्तू मागे, बुटकी पुढे. चिल्लर वस्तू असतील तर एका तबकात गोळा करायच्या, म्हणजे पसारा वाटत नाही."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"मोबाइलवर दिवसभर तेच तर चालू असतं."

"मोबाइल कशाला हवाय त्याला? चैत्रगौरीचं हळदीकुंकू आठव. आमच्या सासूबाई काय करायच्या? मागे ट्रंक, तिच्यापुढे पत्र्याचा डबा पालथा, त्याच्यापुढे पाट. वरून जरीचं पातळ टाकलं की झाल्या पायऱ्या. सगळ्यात वर गौर, खाली कलिंगडाचं कमळ, आंब्याची डाळ, पन्हं, आणि अगदी पुढे पोरांची खेळणी. उंच मागे, बुटकं पुढे! तुझ्या मोबाइलच्या आधीपासून करत्येय मी हे."

"खरंय. पण ती आरास हळदीकुंकवापुरती असायची."

"तेच म्हणत्येय! गौर अक्षय्य तृतीयेपर्यंत बसायची, पण आरास दुसऱ्या दिवशी उचललेली. धूळ बसायला सवड कुठे होती? आणि या फळ्या बारा महिने तशाच. बरं, पुढचं ऐक. चार फळ्या पुस्तकं आहेत. मला बरं वाटलं, म्हटलं वाचणारी माणसं आली शेजाराला. चांगलं जाडजूड बघून एक ओढलं, तर हातात डबा आला."

"डबा?"

"पुस्तकासारखा रंगवलेला डबा. आत रिमोटचे सेल आणि नेलकटर. मी गुपचूप परत ठेवला. पण सुनेने बघितलंन."

"सगळेच डबे आहेत?"

"नाही गो, खरी पण आहेत. पण रंगावर लावलेली. तांबडी एकीकडे, निळी एकीकडे. एका कादंबरीचा पहिला भाग वरती हिरव्यांत आणि दुसरा खाली पिवळ्यांत. नवराबायकोला वेगळ्या गावी बदली दिल्यासारखं. आणि एक फळी तर पुरती उलटी. पानं बाहेर आणि नाव भिंतीकडे!"

रंगावर पुस्तकं लावण्याला माझा तसा विरोध नाही. घरात चाळीसेक पुस्तकं असतील तर माणसाला त्यांचे रंगही पाठ असतात. चारशे झाली की मात्र लेखक किंवा विषय धरूनच लावावी लागतात, नाहीतर एक पुस्तक शोधायला सुट्टीचा दिवस जातो. पण नाव भिंतीकडे करून ठेवणं म्हणजे या घरात पुस्तक कोणी उघडणार नाही, अशी जाहीर नोटीसच. हे मी काकूंना बोलून दाखवलं नाही. सांगितलं असतं तर तासाभरात समोर पोचलं असतं.

"आणि बंब," काकू म्हणाल्या. "तांब्याचा बंब ठेवलाय सगळ्यात खालच्या फळीवर. त्याच्या तोंडात प्लास्टिकची फुलं खोचलेली. मोडवाल्याकडून शोधून आणलान म्हणे. अगो, दिवाळी आली की सासूबाई मला चिंच आणि राख देऊन बंबापुढे बसवायच्या. नखं काळी व्हायची. गीझर आला त्या वर्षी पहिल्यांदा काय केलं असेल तर तो मोडीत घातला. आता लोक तो हॉलमध्ये ठेवतायत."

"त्यांचा चमकत होता का?"

"लखलखीत. वर काहीतरी चोपडलेलं वाटलं."

"लॅकर असेल. मग त्याला चिंच लावायची नाही, लॅकर डागाळतं. नुसतं कोरडं फडकं. तसं न केलेलं तांबं-पितळ आपल्याकडे खाऱ्या हवेत आठ-पंधरा दिवसांत काळवंडतं."

"म्हणजे सून हुशार आहे. झाडं पण तशीच. मोठ्या भोकाभोकांच्या पानांचं झाड, तेही प्लास्टिकचं. कुंपणाला क्रोटन, दारात अळू, मागे आख्खी केळीची बाग, आणि घरात प्लास्टिक! बाहेर जाऊन दोन पानं तोडून तांब्यात घातली असती तरी चाललं असतं."

इथे मात्र मला राहवलं नाही. "काकू, तुमच्या शोकेसबद्दल बोलू का मी?"

"बोल की. माझ्या शोकेसला काय झालंय?"

"समुद्र हाकेच्या अंतरावर आणि तुमच्याकडे शिंपले कन्याकुमारीचे."

"ते ट्रिपचे आहेत."

"लेमन सेट लग्नातला. खोक्यातून काढून थेट काचेत. एकदा तरी त्यातून सरबत प्यालंय कोणी? आणि वरच्या दोन फळ्या भरून काकांची सन्मानचिन्हं."

काकूंनी एक सुस्कारा सोडला. काका हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण तालुक्यातली एकही संस्था त्यांना बोलावल्याशिवाय वर्धापनदिन साजरा करत नाही. "शाल मिळते तिची दुपट्याला सोय होते. श्रीफळाच्या वड्या होतात. त्या काचेच्या चिन्हाचं मी काय करू, सांग. नाव कोरलेलं, तारीख घातलेली. कोणाला देता येत नाही आणि टाकलं तर हे दोन दिवस बोलत नाहीत."

"पुण्यात केळकर संग्रहालय बघितलंयत ना? बाजीराव रस्त्यावरचं?"

"दिवे, आडकित्ते आणि समया? बघितलंय. मुलाच्या नावाने काढलंन ते त्यांनी."

"तेच. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास जमवायला सुरुवात केली आणि १९७५ साली सगळा संग्रह सरकारच्या हवाली केला. त्यात वीस हजारांच्या वर वस्तू आहेत. आणि मांडलेल्या किती, तर अडीच हजारांच्या आसपास."

"बाकीच्या कुठे?"

"आत. बांधून ठेवलेल्या."

"म्हणजे माळ्यावर!" काकूंचा चेहरा उजळला.

"माळ्यावरच म्हणा. काकांना सांगा, आठातलं एक मांडायचं आणि सात आत. दर दिवाळीला बदलायची. मग लोक थांबून बघतील तरी. आता दोन फळ्यांवर काचच काच आहे, कोणालाही काही वेगळं दिसत नाही."

"माझं ऐकतील असं वाटतं तुला?"

"सरकारी संग्रहालयातला नियम आहे म्हणून सांगा."

"हां, मग ऐकतील."

तसं बघितलं तर काकूंच्या घरातली सगळ्यात सुंदर फळी ही फळी नाहीच. ओटीवरच्या चिऱ्याच्या जाड भिंतीत एक कोनाडा आहे, वर कमान असलेला. दोन वीत उंच, वीतभर खोल. आत पितळेचा लामणदिवा टेकवून ठेवलेला, काडेपेटी, काकांचा वाचायचा चष्मा, पंचांग आणि एक आडकित्ता. कमानीच्या पोटाला दिव्याच्या काजळीचा एक लांबट काळा पट्टा आहे. दरवर्षी गणपतीच्या आधी भिंतीला रंग लागतो, पण तेवढा पट्टा वाचवून. मी तसं म्हटलं, तर काकू म्हणाल्या, "तो कोनाडा कोणी सजवलाय? हाताला लागतं ते तिथे ठेवतो."

"म्हणूनच चांगला दिसतो. त्यातली प्रत्येक वस्तू रोज उचलली जाते, तिच्यावर धूळ बसत नाही. समोर बघा, त्या मडक्याला एप्रिलमध्ये कोण हात लावणार?"

"ते जाऊ दे. तू पण फळ्या करून घेत्येस म्हणे. मिस्त्री सांगत होता."

मिस्त्रीने कोणाकोणाला सांगितलंय, हे विचारण्यात अर्थ नव्हता. "हो. मुलाच्या मते समोरच्यांसारख्या भिंतीतून बाहेर आलेल्या, खाली आधार न दिसणाऱ्या."

"आपल्या चिऱ्याच्या भिंतीला?"

"मिस्त्री तेच म्हणाला. चिरा भुसभुशीत, ड्रिल मारलं की भोक हवं त्यापेक्षा मोठं होतं आणि फिशर सैल बसतो. फोटो फ्रेमला ठीक आहे, पण फूटभर पुस्तकं म्हणजे आठ-दहा किलो ओझं. तीन फुटी फळी भरली की पंचवीस-तीस किलो. म्हणून मी सांगितलं, दोन्ही बाजूंना उभ्या फळ्या जमिनीपर्यंत आण, ओझं जमिनीला जाऊ दे."

"प्लाय कुठलं घेत्येस?"

"मरीन. ७१० चा शिक्का बघून घ्यायचा, कमर्शियल नको. आणि जाडी १८ मिलिमीटर. फळी अडीच फुटांच्या पुढे गेली की मध्ये आधार हवा, नाहीतर दोन वर्षांत बाक येतो. पुढच्या कडेला लाकडाची इंचभर पट्टी मारली की फळी ताठ राहते. त्या पट्टीच्या मागे दिव्याची माळ लपवता येते. समोरच्यांनी लावलीय ना?"

"लावलीय. पांढराफट्ट उजेड, दवाखान्यातल्यासारखा."

"पिवळसर घ्यायला हवी होती, ३००० केल्विनची. त्यात लाकूड आणि पितळ खुलतं."

"आणि काच? दारं लावणार की उघड्या?"

हा प्रश्न काकूंनी विचारला तो हात कमरेवर ठेवून, म्हणजे मुद्द्याला आल्या. आमच्या रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. काचेची दारं घट्ट बसवली की ओल आत कोंडते आणि श्रावणापर्यंत चामड्याच्या बाइंडिंगवर बुरशीची लव येते. उघड्या ठेवल्या तर बुरशी कमी, पण मार्च ते मे रस्त्यावरची तांबडी माती येऊन बसते. दोन्हींतून सुटका नाही. मधला मार्ग एवढाच की पुस्तकं भिंतीला न चिकटवता दोन बोटं पुढे ठेवायची, फार दाबून भरायची नाहीत, आणि ऑक्टोबरात ऊन पडलं की एकदा सगळी बाहेर काढून झटकायची. आमच्याकडे वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाचा वाळका पाला ठेवतात कसरीसाठी. मी डांबरगोळ्या ठेवत नाही, पुस्तक उघडलं की डोकं धरतं.

"उघड्याच ठेवणार," मी म्हटलं. "वरच्या दोन फळ्यांवर पुस्तकं. मधल्या फळीवर सावंतवाडीची लाकडी फळं, चितारआळीतली. माझ्याकडे गंजिफाचा संच पण आहे, दशावतारी. त्याची पानं १२०. सगळी मांडायची नाहीत. दहा अवतारांचे दहा राजे तेवढे एका चौकटीत."

"गोल पानांचा? तो छान दिसेल. लाकडी आंबा मात्र खालच्या फळीवर ठेवू नकोस. आमच्या नातवाने चावलान."

"आणि एका कोपऱ्यात तांब्याचा लोटा, पुण्याच्या तांबट आळीतला, मठारकाम केलेला."

"सगळं झालं. आता मला एकच सांग, पुसणार कोण?"

"मीच. दुसरं कोण?"

"मुलगा पुसणार?"

"तो?"

"नवरा?"

मी काही बोलले नाही.

"मग मुलाला विचारू नकोस, नवऱ्याला विचारू नकोस आणि त्या मोबाइलला तर मुळीच विचारू नकोस. ज्याच्या हातात फडकं, त्याने मांडायचं. समोरची मेणबत्ती रविवारी रविवारी ती सून पुसणार असेल तर तिने एक ठेवावी नाहीतर शंभर, मी तोंड उघडणार नाही. पण मला कालच कळलंय, कामवाली बघतायत ते. आपल्या शेवंतीला विचारलंनी. फळ्या पुसायचे वेगळे पैसे मागितलेन तिने."

"कबूल केले त्यांनी?"

"दोनशे जास्त. आता तीच येऊन सांगेल फळीवर काय ठेवायचं ते, बघशील तू. बरं, एक सांगायचं राहिलं. मिस्त्रीला खोली किती सांगितलीस?"

"बारा इंच."

"बदल. नऊ कर. नेहमीचं पुस्तक साडेपाच इंच रुंद असतं, मागे हवा खेळायला जागा उरते. बारा केलीस की पुढे दुसरी रांग लागते, आणि मागच्या रांगेतलं पुस्तक आमच्या घरी तरी कोणी परत काढलेलं नाही."